गाणं राहतं, पाठ का जातो?

रविवारची उपासना आटोपते, मोठी माणसं अंगणात बोलत उभी राहतात आणि आत शब्बाथ शाळेच्या बाई मुलांना विचारतात, "मागच्या रविवारी आपण काय शिकलो होतो?" मुलं गप्प. एखादी धीट मुलगी "पेरणाऱ्याची गोष्ट" एवढं म्हणते आणि अडते. बाई मग म्हणतात, "बरं, गाणं म्हणू या." की लगेच तीच मुलं हातवारे करत, ठेका धरत सगळी कडवी न चुकता म्हणून दाखवतात. पाठ आणि गाणं दोन्ही एकाच तासात, एकाच बाईंनी शिकवलेलं. मग एक राहिलं आणि दुसरं कुठे गेलं?

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, मुलांचं लक्षच नसतं. दुसरं, आपल्याकडे साधनं नाहीत. शहरातल्या मंडळ्यांकडे रंगीत तक्ते, प्रोजेक्टर, छापील वह्या असतात, आपल्याकडे काय आहे? पहिलं उत्तर मुलांवर अन्याय करणारं आहे, कारण गाण्याच्या वेळी त्याच मुलांचं लक्ष होतं. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. पण ते गाणं शिकवायला तरी कुठे काय साधन लागलं होतं?

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी लागतं. कर्नाटकाच्या सीमेलगतचं, नगरपरिषद असलेलं हे लहान गाव. इथे घरात, गल्लीत कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात. अशा गावात दहा-बारा मुलं एका खोलीत जमली, तर त्यांत चार वर्षांचं पोर असतं आणि दहावीतला मुलगाही असतो. शिकवणारी व्यक्ती एकच आणि पैसा जेमतेम. बालकार्याविषयीची बरीच पुस्तकं मोठ्या मंडळ्या समोर ठेवून लिहिलेली असतात. म्हणून इथे आधी मुलाचं मन एखादी गोष्ट कशी धरून ठेवतं ते पाहू. साधनं कोणती लागतात, हे त्यातून आपोआप कळेल.

आत जाण्याची वाट अरुंद आहे

आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. मानसशास्त्रज्ञ याला 'कार्यकारी स्मृती' म्हणतात, म्हणजे ऐकलेलं समजून घेईपर्यंत मनात तात्पुरतं धरून ठेवण्याची शक्ती. मोठ्या माणसालाही नव्या, एकमेकांशी न जुळलेल्या अशा साधारण चारच गोष्टी एका वेळी पेलतात. लहान मुलाला त्याहून कमी. डब्यातलं तेल नरसाळ्याने बाटलीत ओतताना धार जरा मोठी झाली की तेल काठावरून सांडतं. बाटलीत जागा भरपूर असते, नरसाळ्याची नळी तेवढी बारीक असते. मुलांचंही तसंच असतं.

आता आपला पाठ आठवून बघा. गोष्ट, तिच्यातली चार माणसं, दोन गावांची नावं, तीन बोधाचे मुद्दे, एक सुवर्णवचन, त्याचा अध्याय आणि ओवी, आणि शेवटी "म्हणून आपण काय करायचं." एवढं सगळं वीस मिनिटांत. त्यात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला पवित्र शास्त्रातली जुनी, भारदस्त मराठी समजून घ्यायलाच निम्मी शक्ती खर्च करावी लागते. गोष्टीसाठी मग उरतं काय? अशा मुलाला गोष्ट आधी कन्नडमध्ये परत सांगू द्यावी. शिकवणाऱ्याला कन्नड येत नसेल तर वर्गातल्या मोठ्या मुलीला मदतीला घ्यावं. मराठी वचन नंतर पाठ होतं. गोष्ट एकदा कळली की वचनाला बसायला जागा मिळते.

विसरण्याचा वेग आणि त्यावरचा उपाय

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं, असा त्याचा क्रम होता. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच गेलं, एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरलं. पुढे मात्र घसरण मंदावली. अर्थपूर्ण गोष्ट एवढ्या वेगाने जात नाही, पण जाण्याची रीत तीच: आधी भराभर, मग हळूहळू. रविवार ते रविवार सात दिवसांचं अंतर आहे. मधे गोष्टीला कुणी हात लावला नाही, तर मुलं गप्प बसणारच.

उपाय म्हणून आपण काय करतो? पाठ पुन्हा सांगतो. इथेच खरी गंमत आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला. काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. हे विद्यार्थी महाविद्यालयातले होते, पण शाळकरी मुलांवरच्या अभ्यासांतही हेच पुढे आलं आहे. मनातून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला की आठवण पक्की होते, नुसतं पुन्हा आत ओतल्याने तेवढी होत नाही.

आता गाण्याचं कोडं सुटतं. गाणं मूल दर रविवारी स्वतः म्हणतं, म्हणजे दर रविवारी ते मनातून बाहेर काढतं. चाल पुढच्या शब्दाला वाट करून देते. यमक जुळायचं असल्याने चुकीचा शब्द बसतच नाही. हात वर, हात खाली या कृतीला शब्द बांधलेला असतो, त्यामुळे शब्द निसटला तरी हात तो परत आणून देतो. पाठाच्या वेळी यातलं काहीच घडत नाही. बाई करतात आणि मुलं ऐकतात.

चार करवंट्या

हे सगळं प्रत्यक्षात कसं उतरवायचं, ते एकाच दाखल्यावर सविस्तर पाहू. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला घेऊ. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जमिनीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत.

मैंदर्गीच्या शेतकऱ्याचं पोर हा दाखला ऐकून पहिला प्रश्न विचारेल तो असा: शेतकरी वाटेवर बी टाकेलच कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे तिफणीच्या चाड्यावर मूठ धरतात, बी नळ्यांतून सरळ फणाच्या मागे तासात पडतं. इकडेतिकडे जायचा प्रश्नच नाही. येशूच्या काळात गालीलात मात्र बी मुठीने फेकून पेरत. शेतांतून पायवाटा जात, आणि पुष्कळ ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली चुनखडीचा खडक असे. फेकलेलं बी कुठेही पडणार. एवढं सांगितलं की दाखला जमिनीवर येतो. पुढचा भाग आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळतो. रब्बीची ज्वारी खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. मुरमाड माळावरचं पीक लवकर उगवतं आणि ओल संपताच वाळतं. घरात शेती असेल तर हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पहिल्या रविवारी गोष्ट पाच मिनिटांत सांगावी. तात्पर्य सांगू नये. मग चार करवंट्या घ्याव्यात. खालच्या डोळ्याला भोक पाडावं म्हणजे पाणी साचणार नाही. पहिलीत काळी माती मुठीने ठासून दाबावी आणि बी नुसतं वर पसरावं. दुसरीत खडे भरून वर नखाएवढा मातीचा थर द्यावा. तिसरीतल्या मातीत हराळीच्या काशा खोचाव्यात. चौथीत भुसभुशीत माती आणि थोडं शेणखत. प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे, लहान मुलांनी मोजून टाकलेले. रोज बाटलीच्या टोपणाने सारखंच पाणी घालायचं आणि चारही करवंट्या उन्हात ठेवायच्या. पाणी कोण घालणार, हे मुलांनीच ठरवावं.

दुसऱ्या रविवारी करवंट्या आणण्याआधी विचारावं: कुठे काय दिसेल? प्रत्येकाने सांगायचं. सांगताना मुलांना गोष्ट आठवावीच लागते, आणि आपल्याला हवं ते नेमकं हेच आहे. मग करवंट्या मधोमध ठेवाव्यात. पहिलीतले दाणे मुंग्यांनी किंवा चिमण्यांनी नेलेले असतील. दुसरीत कोंब चौथीच्या बरोबरीने आलेले असतील, कारण पातळ थर लवकर तापतो, पण दुपारच्या उन्हात ते माना टाकतील. तिसरीतला फरक कळायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. कधी दाबलेल्या मातीतही दोन दाणे उगवतात. तेव्हा बाईंनी गडबडून जाऊ नये. असं का झालं, हे मुलांनाच शोधायला लावावं. अशा वेळी त्यांचं बोलणं सगळ्यात रंगतं.

अर्थ तिसऱ्या रविवारी. पवित्र शास्त्रातही येशू हा दाखला समुदायाला नुसता सांगतो, उलगडा करतो तो नंतर शिष्यांजवळ. मधलं अंतर मुलांच्याही उपयोगाचं आहे. तोवर त्यांच्या मनात प्रश्न तयार झालेला असतो.

चौकट: एका दाखल्याचे चार रविवार
पहिला: गोष्ट पाच मिनिटांत, मग हाताने काम. तात्पर्य नाही.
दुसरा: आधी मुलांनी आठवून सांगायचं, मग बघायचं. एक कडवं, कृतीसह.
तिसरा: मुलं गोष्ट करून दाखवतात. मग अर्थ, एकाच वाक्यात.
चौथा: नवी गोष्ट. पण सुरुवातीला पाच मिनिटं जुनी, मुलांच्या तोंडून.
साहित्य: करवंट्या, माती, खडे, हराळी, मुठभर मेथी. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याला शंभर चिंचोके पुरतात, त्यातला एक आधीच लपवून ठेवावा.

ओवी, अभंग, कीर्तन

गोष्ट लहान तुकड्यांत आणि यमकात बांधून म्हणण्याची रीत आपल्या मातीत जुनीच आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली. त्यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. वाचता न येणाऱ्यालाही ती कानाने धरता येते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन यांना मानाची जागा दिली. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसरा-तिसरा यमकाने जुळणारे. म्हणजे प्रत्येक तुकडा मुलाच्या नरसाळ्यात मावणारा. कीर्तनात कथा थोडी पुढे सरकते, मग ध्रुपद येतं, सगळे मिळून म्हणतात आणि कथा पुन्हा पुढे जाते. वर सांगितलेला प्रयोग ज्यांनी कधी वाचला नव्हता, त्यांनी त्यातलं तत्त्व कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. मैंदर्गीच्या मुलांना इंग्रजी कृतिगीतांचे ओढूनताणून केलेले मराठी तर्जुमे शिकवावेत, हे मला पटत नाही. त्या चालींवर मराठी शब्द लंगडतात आणि जोर भलत्याच अक्षरावर पडतो. भजनाचा ठेका या गावच्या पोरांच्या अंगात असतो. टाळ आणि टाळ्या पुरे. दाखल्यावरची दोन कडवी मुलांनीच रचावीत, हवी तर एक कन्नड आणि एक मराठी.

वाचायचं साहित्यही आपल्याकडे लवकर आलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरला निघालं आणि 1870च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक सुरू केलं. टिळकांचे चिरंजीव देवदत्त यांनी ते पुढे बरीच वर्षं संपादित केलं. मुलांसाठी वेगळं लिहावं लागतं, ही जाण त्या काळातली आहे.

हाताने शिकणं: सोलापूर आणि बोर्डी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी सोलापुरात किंडरगार्टन चालवलं. ही पद्धत जर्मनीच्या फ्रीड्रिख फ्रोबेलची. मूल खेळताना, ठोकळे रचताना, माती हाताळताना शिकतं, हा तिचा पाया. पुढे 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. बोर्डीचं काम धर्मशिक्षणाचं नव्हतं, पण शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने ते जरूर अभ्यासावं. गरीब गावात उत्तम बालशिक्षण कसं होतं, याचा याहून चांगला नमुना मराठीत मला दिसत नाही.

सहा वर्षांचं आणि तेरा वर्षांचं

एकाच खोलीत सगळ्या वयाची मुलं असतात, तेव्हा गोष्ट एकच ठेवावी आणि काम वेगळं द्यावं. रोनाल्ड गोल्डमन यांनी इंग्लंडमध्ये मुलांना जळतं झुडूप, तांबडा समुद्र आणि येशूची परीक्षा या कथांवर प्रश्न विचारले आणि 1964 मध्ये निष्कर्ष मांडले. लहान मुलं कथा शब्दशः घेतात. प्रतीकाचा अर्थ साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास उमगू लागतो. पुढच्या अभ्यासकांनी ही वयाची रेघ फार कडक असल्याचं म्हटलं, पण रोख मान्य झाला. म्हणून सहा वर्षांच्या मुलाला "तुझं हृदय म्हणजे जमीन" असं सांगू नये. त्याला कोंब बघू द्या, दाणे मोजू द्या. दहा वर्षांची मुलगी गोष्टीचा क्रम चित्रांत मांडेल. तेराचा मुलगा विचारेल की जमीन खडकाळ असेल तर दोष जमिनीचा आहे का? त्या प्रश्नाला पाठ करून ठेवलेलं उत्तर देऊ नये. एक रविवार त्याच प्रश्नाला द्यावा.

मे महिन्यातली शाळा

सुट्टीतली पवित्र शास्त्र शाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली व्हीबीएस, मुलांना सर्वात आवडते. सोलापूरच्या उन्हात ती सकाळी सातला सुरू करून दहाला संपवणं शहाणपणाचं. पण पाच-सहा दिवसांत सलग शिकवलेलं तितक्याच वेगाने ओसरतं, हा एबिंगहाउसचा धडा इथे लागू पडतो. समारोपाला मुलं सगळं धडाधड म्हणून दाखवतात आणि जूनमध्ये कोरी असतात. मेमधल्या पाच गोष्टींतली एकेक जून आणि जुलैच्या रविवारी मुलांच्या तोंडून पुन्हा काढून घ्यावी. नव्या पाठापेक्षा हे काम अधिक मोलाचं आहे आणि त्याला खर्च काहीच नाही.

सुट्टीच्या शाळेत शेजारपाजारची, इतर धर्मांची मुलंही येतात. त्यांच्या आईवडिलांना आधी भेटून, काय शिकवणार ते स्पष्ट सांगून परवानगी घ्यावी. न सांगता काहीही करू नये. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असावीत, एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन बसू नये, फोटो विचारल्याशिवाय काढू किंवा पाठवू नयेत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू वगैरे विचार तिथे करायचा नाही. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक भिंतीवर मुलांना दिसेल असा लावावा.

दहावीनंतरचे

तरुणांसाठी वेगळे तरुण संघ असतात, आणि बहुतेक ठिकाणी तिथेही वडीलधारेच भाषण करतात. 2 फेब्रुवारी 1881 रोजी अमेरिकेत पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने 'ख्रिश्चन एन्डेव्हर' सुरू केलं तेव्हा त्याची मुख्य कल्पना उलटी होती. सभा तरुणांनीच चालवायची, प्रत्येकाने काहीतरी बोलायचं आणि प्रत्येकाकडे एखाद्या समितीचं काम. ही चळवळ जगभर पसरली, भारतातही आली.

यामागचं कारण आठवून लिहिण्याच्या त्या प्रयोगात आहेच. दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की आधी स्वतःला आठवावं लागतं, आपल्याला कुठे कळलेलं नाही ते लक्षात येतं, मग माणूस पुन्हा वाचतो. म्हणून मैंदर्गीतल्या अकरावीच्या मुलीला चार करवंट्यांचा पाठ घ्यायला सांगावा आणि बाईंनी मागच्या ओळीत बसावं. ती अडखळेल, तेव्हा मधे बोलू नये. शिक्षणासाठी ही मुलं अक्कलकोटला, सोलापूरला, पुण्याला जातात आणि सुट्टीत परततात. तेव्हा त्यांना खुर्च्या मांडायला न लावता एक वर्ग द्यावा, आठवडाभर आधी फोनवर सांगून, म्हणजे तयारीला वेळ मिळेल. आणि त्यांच्या प्रश्नांसाठी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची एक पेटी ठेवावी. परीक्षेची भीती, नोकरी, प्रेम, घरातली दारू, देव ऐकतो का, हे सगळं त्या पेटीत येतं. महिन्यातून एकदा ती सगळ्यांसमोर उघडावी, आणि ज्या चिठ्ठीचं उत्तर पाळकांकडेही नसेल ती परत पेटीत न टाकता पुढच्या महिन्यासाठी फळ्यावर लिहून ठेवावी.